लहान शिडाच्या नौकेवरील चूल आणि पाणी

घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पायांखालची जमीन हलणार नाही, ही पहिली; आणि पाणी संपले तर ते पुन्हा आणता येईल, ही दुसरी. मग ते पाणी नळाचे असो, विहिरीचे असो की डोक्यावरून दूरवरून वाहून आणलेले असो. किनारा सोडून खोल समुद्रात गेलेल्या लहान शिडाच्या नौकेवर या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात. नऊ-दहा मीटर लांबीची नौका वाऱ्याने एका अंगावर कलून तासन्तास, कधी कधी दिवसेंदिवस चालते, आणि तिच्यावर जेवढे गोडे पाणी भरलेले असेल तेवढ्यावरच माणसांचे जीवन अवलंबून असते. म्हणून अशा नौकेचे स्वयंपाकघर, ज्याला दर्यावर्दी लोक गॅली म्हणतात, आणि तिच्यातील पाण्याचा साठा हे दोन वेगळे विषय मानणे चुकीचे ठरते. चुलीची मांडणी चुकली की पाणी वाया जाते. पाण्याची व्यवस्था चुकली की चुलीचा काही उपयोग राहत नाही.

या बाबतीत एका मुंबईकर नौकेचे उदाहरण बोधप्रद आहे. 'सुहैली' ही सुमारे दहा मीटर लांबीची सागवानी नौका मुंबईच्या कारागिरांनी बांधली व १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे त्या वेळी व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. पुढे १४ जून १९६८ रोजी त्यांनी हीच नौका घेऊन इंग्लंडमधील फाल्मथ बंदर एकट्याने सोडले आणि वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, ते त्याच बंदरात परतले. एकट्याने, न थांबता केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. परंतु प्रवासाचा पुष्कळ मोठा भाग शिल्लक असतानाच, दक्षिणेकडील समुद्रातील वादळी हवामानात, नौकेच्या पक्क्या टाक्यांतील पाणी दूषित होऊन पिण्यास निरुपयोगी झाल्याचे त्यांना आढळले. सर्व पाणी त्या टाक्यांतच असते तर प्रवास तेथेच सोडून जवळच्या बंदराकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुदैवाने काही पाणी निराळ्या डब्यांत भरलेले होते. ते जपून वापरीत, आणि शिडावर पडणारे पावसाचे पाणी धरीत, त्यांनी उरलेला प्रवास पार पाडला.

नौकेच्या पाणीव्यवस्थेत फेरबदल करू इच्छिणाऱ्याने हा प्रसंग सतत डोळ्यांपुढे ठेवावा. बहुतेक तयार नौकांत एकच मोठी टाकी, एक विजेचा पंप आणि एक चकचकीत नळ असतो. बंदरात नौका पाहावयास येणाऱ्या गिऱ्हाइकास ही रचना मोठी सोयीची वाटते. लांबच्या प्रवासास मात्र ती जवळजवळ मुळापासून बदलावी लागते.

पाण्याचे वजन

प्रथम किती पाणी लागते हे ठरविले पाहिजे. उष्ण प्रदेशात उन्हात राबणाऱ्या माणसास नुसते पिण्यासाठीच रोज सुमारे ३ लिटर पाणी लागू शकते. स्वयंपाक धरून माणशी रोज ४ लिटर हा आकडा काटकसरीचा असला तरी सुरक्षित मानता येईल. त्यात आंघोळ किंवा कपडे धुणे येत नाही. दोन माणसे वीस दिवसांच्या प्रवासास निघाली तर हा हिशेब १६० लिटरांवर जातो. वारा पडला, किंवा डोलकाठी मोडली, तर वीस दिवसांचे तीस दिवस सहज होतात. यास्तव निम्मे पाणी राखीव म्हणून आणखी घेतले पाहिजे, म्हणजे एकूण २४० लिटर.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. २४० लिटर पाणी म्हणजे चार प्रौढ माणसांचे वजन कायमचे नौकेवर चढविल्यासारखे आहे. हे वजन कोठे ठेवावे? पुढच्या टोकाशी, झोपण्याच्या फळीखाली, मोकळी जागा पुष्कळ असते आणि नवशिका मालक टाकी तेथेच बसवितो. त्याचा परिणाम असा होतो की नौकेचे नाक पाण्यात बुडते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक लाटेवर ते वर उचलले जाण्यास उशीर लागतो. खांद्यावरच्या काठीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी बांधल्या तर ती काठी फिरविणे व थांबविणे जड जाते. त्याच घागरी मध्यभागी खांद्याजवळ आणल्या तर काठी सहज वळते. नौकेचेही तसेच आहे. पाण्याचे वजन जितके मध्याजवळ आणि जितके खाली, तळकण्याच्या लगत, तितके चांगले.

आणखी एक अडचण आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीतील पाणी हलत नाही, परंतु अर्धी रिकामी झालेली टाकी नौका कलताच आपले पाणी खालच्या बाजूस लोटते, आणि ज्या बाजूला नौका आधीच कललेली असते त्याच बाजूचे वजन वाढते. पाण्याने अर्धी भरलेली परात घेऊन चालणाऱ्यास हा अनुभव असतो. तेवढेच पाणी तोंड अरुंद असलेल्या तांब्यात असले तर त्रास होत नाही. गणिताने असे दिसून येते की हा दोष टाकीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. रुंद टाकीत नौकेच्या लांबीला समांतर असा एकच उभा पडदा घालून तिचे दोन समान व पूर्णपणे वेगळे कप्पे केले तर हा दोष एक-चतुर्थांशावर येतो. पडद्याला भोके ठेवली तर पाणी हळूहळू पलीकडे जातेच, पण त्याचा आदळण्याचा वेग कमी होतो व टाकीचे सांधे वाचतात. यावरून एका रुंद टाकीऐवजी अनेक अरुंद टाक्या बऱ्या, हे उघड होते. 'सुहैली'च्या अनुभवाने जो निष्कर्ष निघतो तोच वजनाच्या शास्त्रानेही निघावा, हा योगायोग मोठा उपयुक्त आहे.

टाकी आणि नळ्या

पूर्वीच्या काळी जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत नेत. पुढे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी टाक्या आल्या; त्या गंजत. हल्ली स्टेनलेस पोलादाच्या अथवा अन्नास निर्धोक अशा जाड प्लास्टिकच्या टाक्या वापरतात. स्टेनलेस पोलाद दिसावयास निर्दोष असले तरी जोडाच्या जागी, विशेषतः क्लोरीन घातलेले पाणी दीर्घकाळ राहिल्यास, त्याला बारीक छिद्रे पडू शकतात. जेथे वेडावाकडा कोपरा असतो तेथे रबरी कापडाची लवचीक पिशवीवजा टाकी बसते. परंतु तिचा तळ कोठे घासणार नाही याची फार काळजी घ्यावी लागते. टाकी कशाचीही असो, तिच्यात हात घालून तळ पुसता येईल एवढे झाकण वरच्या बाजूस असलेच पाहिजे. ज्या टाकीत हात जात नाही ती स्वच्छ आहे, असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

पाणी खारट का होते, याचे उत्तर बहुधा टाकीत नसून तिच्या दोन तोंडांत असते. पाणी भरण्याचे तोंड डेकवर असते आणि वादळात डेकवरून लाटा वाहतात. झाकणाखालचे रबरी कडे जुने झालेले असेल तर प्रत्येक लाटेबरोबर थोडे समुद्रजल आत उतरते. दुसरे तोंड हवेच्या नळीचे. टाकी भरताना व रिकामी होताना हवेस वाट हवी म्हणून ही बारीक नळी ठेवतात. ती नौकेच्या बाहेरच्या अंगास काढलेली असेल तर नौका कलली की तिचे तोंड पाण्याखाली जाते, आणि समुद्र निमूटपणे टाकीत शिरतो. म्हणून हवेची नळी केबिनच्या आतच, शक्य तितकी उंच व नौकेच्या मध्यरेषेजवळ नेऊन तिचे टोक खाली वळवावे. इंजिनाच्या डिझेल तेलाचे तोंड पाण्याच्या तोंडापासून दूर असावे आणि दोन्ही झाकणांवर ठळक अक्षरे कोरलेली असावीत. थोडेसे डिझेलदेखील टाकीभर पाण्याला वास व चव आणते, आणि तो वास टाकीतून काढणे फार कष्टाचे असते.

प्रत्येक टाकीला स्वतंत्र तोटी असावी आणि एका वेळी एकच तोटी उघडी ठेवावी. सर्व टाक्या एकमेकींस जोडून ठेवल्या तर पाणी विभागण्याचा हेतूच व्यर्थ जातो. एकीला गळती लागली की सर्व रिकाम्या होतात, आणि एक नासली की सर्व नासतात. याखेरीज एकूण साठ्याचा निदान चौथा हिस्सा दहा किंवा वीस लिटरांच्या सुट्या डब्यांत ठेवावा. डबे पारदर्शक नसावेत. उजेड आत गेला की काही दिवसांतच पाण्यात हिरवे शेवाळ धरू लागते. बंदरात घेतलेल्या पाण्याबद्दल शंका असल्यास सुमारे ५ टक्के शक्तीचे साधे, सुगंधविरहित सोडियम हायपोक्लोराइट लिटरास दोन थेंब घालून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर मात्र ते आधी निवळून व गाळून घेतल्यावाचून या उपायावर विसंबू नये.

आता नळ. विजेच्या पंपावर चालणारा नळ घरच्या नळासारखाच वाहतो, आणि त्याचा दोष हाच आहे. एक हात साबण लावीत असताना दुसऱ्या हाताने तो बंद करावा लागतो, आणि तेवढ्यात अर्धा लिटर पाणी जाते. पायाने दाबण्याचा पंप बसविला तर दोन्ही हात मोकळे राहतात, दर दाबास ठरावीकच पाणी येते, आणि पाय उचलताच प्रवाह थांबतो. वीज गेली तरी तो चालतो. जुन्या नौकेत करावयाच्या सर्व बदलांत खर्चाच्या मानाने इतका लाभदायक बदल दुसरा क्वचितच असेल. त्याच्या शेजारी तसाच दुसरा पंप समुद्राच्या पाण्यासाठी बसवावा. मात्र नौकेच्या तळातून येणाऱ्या त्याच्या नळीस मजबूत तोटी हवी आणि काम नसताना ती बंद असावी, कारण ती नळी निसटली तर नौकेत समुद्रच येतो. पुष्कळ जुने खलाशी आणखी एक साधी युक्ती करतात. रोज सकाळी दिवसाचे पाणी मोजून एका लहान डब्यात घेतात व दिवसभर त्यातूनच वापरतात. संध्याकाळी डबा लवकर रिकामा झाला तर त्याचे कारण त्याच दिवशी शोधले जाते. टाकीवरील काटा जे सांगत नाही, ते हा डबा सांगतो.

झुलती शेगडी

अरबी समुद्रातील जुन्या गलबतांवर लाकडी पेटीत माती किंवा वाळू घालून तीत चूल मांडीत आणि ती उघड्या डेकवर वाऱ्याच्या आडोशाला ठेवीत. गलबत मोठे व रुंद असल्याने ते जमे. लहान नौकेत शेगडी केबिनमध्येच ठेवावी लागते, आणि तिची योग्य जागा म्हणजे केबिनच्या जिन्याचा पायथा. तेथे नौकेची हालचाल सर्वांत कमी असते, हवा खेळती असते, आणि बाहेर सुकाणूवर बसलेल्याच्या हाती गरम पेला सहज देता येतो.

शेगडी दोन खिळ्यांवर पाळण्यासारखी टांगतात. खिळ्यांना जोडणारी रेषा नौकेच्या लांबीला समांतर असते. त्यामुळे नौका डावीकडे किंवा उजवीकडे कितीही कलली तरी शेगडी आपल्या वजनाने समपातळीत राहते. होकायंत्र टांगण्याची पद्धत याच तत्त्वावर आहे, फक्त त्यात दोन कडी असतात. येथे एक चूक वारंवार होते. रिकामी शेगडी हाताने झुलवून पाहिली की ती उत्तम झुलते. तिच्यावर पाच लिटरांचे भरलेले पातेले ठेवले की गुरुत्वमध्य खिळ्यांच्या वर जातो आणि पुढच्या हेलकाव्यास शेगडी पातेल्यासह उलटू पाहते. म्हणून शेगडीच्या तळाशी शिशाची किंवा लोखंडाची जड पट्टी बसवावी, आणि बंदर सोडण्यापूर्वी सर्वांत मोठे पातेले थंड पाण्याने भरून, ते वर ठेवून परीक्षा घ्यावी. दोन्ही अंगांस निदान तीस अंश झुलण्याइतकी मोकळी जागाही मोजून घ्यावी. शेगडीभोवती दोन-तीन बोटे उंच कठडा आणि भांडे पकडून ठेवणारे स्क्रूचे चिमटे हवेतच. तिच्या पुढे कमरेच्या उंचीवर एक भक्कम आडवी दांडी असावी. नौकेला धक्का बसला की स्वयंपाक करणारा आधारासाठी हात टाकतोच, आणि तो हात शेगडीवर पडता कामा नये.

स्वयंपाक करणाऱ्यास रुंद पट्ट्याने बांधून ठेवण्याचीही पद्धत आहे. तीविषयी अनुभवी खलाशांत मतभेद आढळतो. पट्ट्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात हे खरे. पण उकळते पाणी अंगावर येत असता बांधलेला माणूस मागे सरकू शकत नाही. पट्टा वापरावयाचाच असेल तर त्याची कडी एका हाताने सुटणारी असावी आणि माणूस शेगडीच्या समोर नव्हे, तर एका बाजूस उभा राहील अशी जागा निवडावी. समुद्रात स्वयंपाकघरात होणारी सर्वांत भयंकर इजा भाजण्याची असते आणि डॉक्टर शेकडो मैल दूर असतो. खराब हवेत उघड्या अंगाने स्वयंपाक करू नये, जलाभेद्य कपडे घालावेत, आणि पेला भरताना तो हातात न धरता मोरीत ठेवून भरावा.

इंधनाचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. दाबाने चालणारा रॉकेलचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी तयार केला आणि त्यानंतर कित्येक दशके तो लहान नौकांचा सोबती होता. रॉकेल साठविण्यास सुरक्षित आहे; मात्र स्टोव्ह स्पिरिटने आधी तापवावा लागतो, आणि हलत्या नौकेत ते काम किचकट असते. सिलिंडरमधील गॅस झटकन पेटतो, म्हणून आज तोच अधिक रूढ आहे. परंतु हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. घरात गळालेला गॅस दारावाटे निघून जाऊ शकतो; नौका मात्र तळापासून बंद असलेल्या भांड्यासारखी असते, आणि गॅस तिच्या तळाशी साचून राहतो. हवेत तो अवघा २ टक्के झाला की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. यासाठी सिलिंडर केबिनमध्ये कधीही ठेवू नये. डेकवरील स्वतंत्र पेटीत ठेवावा, आणि पेटीच्या तळातून गळलेला गॅस थेट बाहेर पडेल अशी नळी काढावी. स्वयंपाक आटोपताच शेगडीच्या अगोदर सिलिंडर बंद करावा, म्हणजे नळीत उरलेला गॅस जळून जातो.

भांड्यांत प्रेशर कुकरची योग्यता मोठी आहे. त्याचे झाकण घट्ट बसते, तो आडवा झाला तरी आतील अन्न सांडत नाही, आणि पाणी व इंधन दोन्ही वाचतात. अन्नाचे डबे नौकेच्या तळाशी रचावयाचे असतील तर कागदी वेष्टने आधी काढून टाकावीत व डब्यांवर रंगाने खुणा कराव्यात. ओले वेष्टन सुटते, त्याचा लगदा होतो, आणि नौकेतील पाणी उपसण्याचा पंप नेमका गरजेच्या वेळी तुंबतो.

समुद्राचे पाणी, पावसाचे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मानवी मूत्रपिंडास एवढी खारट लघवी तयार करता येत नाही. म्हणून एक पेला समुद्रजल प्यालेल्या माणसास त्यातील क्षार बाहेर टाकण्यासाठी पेल्याहून अधिक पाणी शरीरातून खर्चावे लागते, आणि तहान वाढते. फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार यांनी १९५२ साली रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला आणि आपण थोडे थोडे समुद्रजल प्यालो असे सांगितले. त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. त्यांच्या सल्ल्याविषयी मात्र आहे, आणि आजचे वैद्यकशास्त्र तो मान्य करीत नाही.

पिण्यास निषिद्ध असलेले हे पाणी स्वयंपाकात मात्र पुष्कळ कामे करते. अंडी आणि सालासकट बटाटे नुसत्या समुद्रजलात उकडता येतात. भातास चार भागांत एक भाग समुद्राचे पाणी घातले की निराळे मीठ लागत नाही. भांडी प्रथम समुद्रजलात घासून शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने खंगाळावीत. साधा साबण त्यात फेस देत नाही, कारण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा साका बनतो. कृत्रिम धुलाईद्रव्ये चालतात. बंदरातील किंवा खाडीच्या मुखाजवळील पाणी मात्र यासाठी घेऊ नये.

समुद्रजल गोडे करणारी यंत्रे आता लहान नौकांवरही दिसतात. समुद्रजलाचा परासरण दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो. त्यावर मात करण्यासाठी यंत्र साधारण त्याच्या दुप्पट दाबाने पाणी एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलते. पाणी उत्तम मिळते. पण वीज हवी, आणि तेलाचा किंवा क्लोरीनचा स्पर्श झाला की पडदा बिघडतो. म्हणून यंत्र आहे या भरवशावर टाक्या लहान करणे धोक्याचे आहे.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर कापडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. सहा चौरस मीटरांच्या ताडपत्रीवर दहा मिलिमीटरांची सर आली तर ६० लिटर. वाऱ्याने निम्मे उडाले तरी दोघांची जवळजवळ चार दिवसांची सोय होते. शिडावरून ओघळणारे पाणी शिडाच्या खालच्या आडव्या वाशाजवळ बादली टांगून धरता येते. पहिली पाच मिनिटे येणारे पाणी कापडावरचे वाळलेले मीठ घेऊन येते, ते जाऊ द्यावे; नंतरचे चाखून पाहून मग डब्यात भरावे, आणि भरल्या टाकीत ते कधीही मिसळू नये. तथापि पाऊस सर्वत्र व सर्व काळी पडत नाही. मुंबईहून ओमानकडे हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर निघालेल्या नौकेस वाटेत बहुधा कोरडे आकाशच मिळते. तिने सर्व पाणी बंदरातूनच नेले पाहिजे.

शेवटचा डबा जिन्याशी, नौका सोडावी लागल्यास जाता जाता हाती येईल असा, दोरीने बांधून ठेवतात. तो काठोकाठ भरीत नाहीत. सुमारे दहावा हिस्सा रिकामा ठेवतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांनी जड असते आणि डब्यात थोडी हवाही असते. त्यामुळे घाईत तो समुद्रात पडला तरी बुडत नाही, तरंगत राहतो, आणि दोरी ओढून तो तराफ्यात घेता येतो.